डोंगरात रात्र काढायला साधी जागा द्या: वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: पुणे जिल्ह्यातील वनक्षेत्रात तंबूच्या मुक्कामासाठी साधे तळ सुरू करण्याबाबत

माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

दर शनिवारी पुण्याहून भटक्यांच्या गाड्या वेल्हे, मुळशी, मावळ, जुन्नर, आंबेगावकडे निघतात. त्यातल्या बऱ्याच जणांना रात्र डोंगरात काढायची असते. तंबू नियमाने कुठे ठोकायचा हे सांगणारी पाटी मात्र इतक्या वर्षांच्या भटकंतीत मला कुठे दिसलेली नाही. मग काही जण पवनेच्या काठावर पैसे मोजून स्पीकरच्या आवाजात झोपतात, तर काही जण गुपचूप रानात शिरतात. वनरक्षकाने त्यांना हुसकावले तर तो चुकत नाही. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे, आग पेटवणे हा गुन्हा आहे. पण परवानगीने राहायची सोयच नसेल तर नियम पाळू इच्छिणाऱ्याने करायचे काय?

माझी मागणी छोटी आहे. अभयारण्यांच्या गाभ्याबाहेर, गावांना लागून असलेल्या वनजमिनीवर तीन-चार तळ आखून द्या. दगडांनी आखलेल्या मोजक्या सपाट जागा आणि एक चांगले स्वच्छतागृह, बस. वीज नको. कमान, पेव्हर ब्लॉक आणि सेल्फी पॉइंट तर अजिबात नको. निसर्ग पर्यटनाच्या नावाखाली ओतलेले सिमेंट पाहून जीव तुटतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत आडवाटेचे असे कितीतरी तळ आहेत. मोबाइलला रेंज नाही, अनेक ठिकाणी पाणीही घरून न्यायचे. लाकडी टेबल, लोखंडी कड्याची चूल आणि कोरडे स्वच्छतागृह एवढेच असते. प्रवेशापाशी पाकिटात पैसे घालून ते लोखंडी नळकांड्यात टाकायचे, पावतीचा तुकडा आपल्या जागेच्या खांबाला लावायचा. आपला कचरा अनेक ठिकाणी आपणच परत न्यायचा.

त्यांचे स्वच्छतागृह आपल्या अभियंत्यांनी नीट पाहावे, अशी कळकळीची विनंती आहे. जमिनीखाली पूर्ण बंदिस्त टाकी, वर खोली आणि छपराच्याही वर गेलेला काळा पाइप. उन्हाने पाइप तापला की टाकीतली हवा वर चढते, तिच्या जागी बैठकीतून बाहेरची हवा खाली ओढली जाते आणि खोलीत दुर्गंधी राहत नाही. फ्लशला पाणी लागत नाही. आपल्याकडे धुण्यापुरते तांब्याभर पाणी आत जाईल. टाकी थोडी लवकर उपसावी लागेल, इतकेच. सह्याद्रीत मातीचा थर पातळ आणि खाली बेसाल्टचा कातळ. पावसाळ्यात शोषखड्डा तुंबतो आणि घाण कातळाच्या फटींतून खालच्या वाडीच्या झऱ्याला लागू शकते. म्हणून टाकी बंदिस्तच हवी, आणि तळही उपसा करणारा टँकर पोहोचेल इतका रस्त्याजवळ हवा. त्यापुढचे रान मोकळेच राहू द्या.

पाण्याबाबत मी आमच्याच लोकांना खडसावून सांगेन. मार्चनंतर कितीतरी वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन दूरवर जातात. त्यांच्या झऱ्यावर शहरातल्या माणसाचा हक्क नाही. उन्हाळ्यात येणाऱ्याने पाणी सोबत आणावे, हा नियम आरक्षणाच्या वेळीच सांगा. फेब्रुवारी ते मे वणव्याचा काळ. तेव्हा लाकडाची शेकोटी पूर्ण बंद, आणि गॅसचा छोटा स्टोव्हही गवत काढलेल्या चौकोनातच. तळाभोवती जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत-पालापाचोळा काढून मोकळा ठेवलेला पट्टा, हवीच.

मेअखेरीस काजवे येतात तेव्हा तळावर आणखी कडक राहावे लागेल. काजव्यांची लुकलुक म्हणजे नर-मादीचे संकेत. टॉर्चच्या आणि हेडलाइटच्या झोतात ते हरवतात. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात, आणि गर्दीचे पाय नेमके तिथेच पडतात. त्या आठवड्यांत तंबू निम्मे करा, गाड्या गावातच थांबवा. जोराचा पाऊस लागला की तळ बंद.

उष्ट्याबद्दलही तितकेच कडक राहा. उष्टे पडले की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. त्याचा त्रास शेवटी भोगायचा तो गावकऱ्यांनी. जुन्नरच्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

तळ चालवायचा कोणी? गावाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने, म्हणजे वनखात्यासोबत जंगल राखणाऱ्या गावकऱ्यांच्या समितीने. बाहेरच्या ठेकेदाराला दिला तर दोन वर्षांत तिथे जनरेटर आणि स्पीकर येतील, याची मला खरी भीती वाटते. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा (हिरड्याची कोवळी औषधी फळे) गोळा करून चार पैसे मिळवतात. तळाचे शुल्क, भाकरी-पिठल्याचे पैसे, वाटाड्याची मजुरी हे सारे त्यांच्याच हाती पडावे. ताडोबाच्या सफारीचे आरक्षण ऑनलाइन होते, तसे याचेही करता येईल, म्हणजे ठरलेल्या तंबूंपेक्षा एकही जास्त लागणार नाही. जागा दिली की गर्दी वाढेल, अशी शंका आपले अधिकारी घेतील. गर्दी आजही आहेच, साहेब. फक्त ती कुठे बसते, कुठे आग पेटवते, कुठे शौचाला जाते, हे तुमच्या खात्याला कळत नाही.

येत्या दिवाळीनंतर आंबेगाव किंवा जुन्नर तालुक्यातल्या एखाद्या तयार गावासोबत पहिला तळ सुरू करा. आधी ग्रामसभेत विचारा. गाव नको म्हणाले तर दुसरे गाव पाहा. जागा पाहायला वनपालांसोबत यायची आमची तयारी आहे, आणि पहिल्या हंगामात शनिवार-रविवारी तळावर थांबून आलेल्यांना नियम समजावून सांगायचे कामही आम्ही विनामोबदला करू.

आपली नम्र,
सह्याद्रीत भटकणारी एक पुणेकर