चित्राच्या वाटा कापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शहरातल्या एका पुस्तक प्रदर्शनात व्हॅन गॉग, सेझान, सुरा यांच्या निसर्गचित्रांची पोस्टकार्डं विकायला आहेत. वीस-तीस रुपयांत असं चित्र घरी येतं, याचा आनंदच आहे. पण सगळी नोकरी छापखान्यात ऑफसेट मशीनवर गेली, त्यामुळे कार्ड हातात आलं की आधी कडा बघायची खोड आहे.

'गव्हाचं शेत आणि कावळे' हे व्हॅन गॉगचं जुलै १८९० मधलं चित्र. मूळ कॅनव्हास सुमारे ५० बाय १०३ सेंटिमीटर, उंचीच्या दुपटीहून लांब. शेतात तीन वाटा आहेत. मधली गव्हात शिरून संपते, बाजूच्या दोन चित्राबाहेर निघून जातात. कार्ड ४ बाय ६ इंचांचं. छापणाऱ्याने उंची जुळवली आणि चतुर्थांशाहून जास्त लांबी कटिंगमध्ये घालवली. बाजूच्या वाटा त्यातच गेल्या. आता मंगळवेढ्याच्या ज्वारीवर पाखरं उतरावीत तसं दिसतं. छान दिसतं, पण ते चित्र हे नव्हे! सहा इंच रुंदीत अख्खं चित्र बसतं, वर-खाली अर्धा अर्धा इंच कोरा राहतो. राहू द्या की. कोरा कागद म्हणजे नुकसान, हे मालकांकडून मी जन्मभर ऐकलंय.

मजेंटा, म्हणजे गुलाबी शाई, चढून आकाश जांभळं झालंय, म्हणजे प्रूफ (चाचणीची प्रत) कुणी पाहिलेलं नाही. सुरा रंगांचे बारीक ठिपके देऊन चित्र रंगवायचा. त्याच्या कार्डाला भिंग लावलं तर त्याचे ठिपके बाजूलाच, चार रंगांच्या छपाईचे तेवढे दिसतात. एवढ्या लहान आकारात त्याला इलाज नाही.

कावळ्यांच्या कार्डामागे 'अखेरचं चित्र' असं छापलंय. अभ्यासक आता 'झाडांची मुळं' हे अखेरचं मानतात. गंमत म्हणजे त्या चित्राची जागा २०२० मध्ये ओळखू आली ती फ्रान्समधल्या ओव्हेर गावच्या एका जुन्या पोस्टकार्डावरूनच. सायकलवाला माणूस, त्याच्या बाजूला रस्त्याकडेचा उतार आणि उतारावर उघडी पडलेली मुळं. तेही कार्ड कुणी कडेने छाटलं असतं तर?

हे चित्रकार जाऊन शंभरावर वर्षं झाली, हक्काचे पैसे कुणाला द्यायचे नाहीत. मग मागे चित्राचं नाव, साल, मूळ माप आणि संग्रहालय एवढं तरी बिनचूक छापावं. पुढची छपाई सोलापुरात होणार असेल, तर प्रूफ बघायला मी फुकट येईन.

— एक निवृत्त मशीनमन,
साखर पेठ, सोलापूर