पहिली कोण, ते नीट छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपला पेपर आमच्या घरी वडील नोकरीला लागले तेव्हापासून येतो, पण पत्र मी पहिल्यांदाच लिहितेय. कारण लहान वाटेल पण मला ते लहान वाटत नाही. माझी भाची सातवीत आहे, तालुक्याच्या सामान्यज्ञान स्पर्धेत तिला प्रश्न आला, भारतातली पहिली महिला वैमानिक कोण. तिनं लिहिलं ऊर्मिला पारीख. चूक दिलं. उत्तरपत्रिकेत सरला ठकराल होतं, पोरगी एका मार्कानं मागं राहिली, आणि तिथल्या सरांना विचारायला गेलो तर म्हणले गाईडमध्ये आहे तेच बरोबर, वाद कशाला घालता. आणि त्याच्या आधीच्या रविवारी आपल्याच पेपरच्या मुलांच्या पानावर पण सरला ठकराल यांचाच फोटो, खाली "पहिली महिला वैमानिक", म्हणजे मी पेपर दाखवून भांडायची सोय पण राहिली नाही.

आता सरलाताई मोठ्याच होत्या, त्यात कुणाचं दुमत नाही. 1936 ला, वयाच्या 21 व्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ हे छोटं विमान उडवलं, नंतर हजार तासांचं उड्डाण करून ए लायसन्स पूर्ण केलं. पण ऊर्मिला पारीख यांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं 1932 ला. चार वर्षं आधी. मग "पहिली" म्हणजे नेमकी कशात पहिली? लायसन्स मिळालेली, हजार तास भरलेली, पगार घेऊन प्रवासी नेणारी, का कॅप्टनच्या सीटवर बसलेली? या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकाच शब्दात कोंबतो, मग भांडणं लागतात आणि त्यात मार माझ्या भाचीसारखी नीट वाचणारी पोरं खातात.

विमानाच्या विक्रमात अटीला किती किंमत असते त्याची गोष्ट मी त्या सरांना सांगणार होते, त्यांनी ऐकलीच नाही म्हणून इथं लिहिते. आगा खान यांनी 500 पौंडाचं बक्षीस लावलं होतं, इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलटं, एकट्यानं, एका महिन्याच्या आत जो हिंदुस्थानी माणूस पोचेल त्याला. 1930 ला तिघं निघाले, मनमोहन सिंग (पंतप्रधान झालेले नव्हे, वैमानिक), अस्पी इंजिनिअर आणि जेआरडी टाटा. मनमोहन सिंग कराचीत (तेव्हा ते हिंदुस्थानातच होतं) सगळ्यात आधी उतरले पण त्यांचा महिना उलटून गेला होता, म्हणून बक्षीस नाही. अस्पी 17 वर्षांचा पोरगा, तो इंग्लंडहून येत होता आणि जेआरडी कराचीहून जात होते, इजिप्तमधे अबुकीरला दोघांची गाठ पडली तर अस्पी स्पार्क प्लग नाही म्हणून अडकून बसलेला. जेआरडींनी आपल्याजवळचा दिला. शर्यतीतल्या समोरच्या गड्याला! अस्पी जिंकला, जेआरडी थोडक्यात मागं राहिले, आणि तोच अस्पी 1960 ला हवाई दलाचा प्रमुख झाला. मी ही गोष्ट किती वेळा वाचली असंल पण दरवेळी मन भरून येतं. तर सांगायचं हे की मनमोहन सिंग आधी पोचले हे पण खरं आणि अस्पी जिंकला हे पण खरं, अट सांगितली की दोघांचाही मान राहतो.

आता आपल्या मराठवाड्याचं. प्रेम माथुर हे नाव आपल्या किती वाचकांना माहिती आहे? पगारावर प्रवासी विमान चालवणारी भारतातली पहिली बाई. अलाहाबादला लायसन्स काढलं, आठ विमान कंपन्यांनी बाई म्हणून नाही म्हणलं, प्रवासी घाबरतील हे कारण, आणि शेवटी घेतलं कुणी तर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं. डेक्कन एअरवेज म्हणजे निजाम सरकार आणि टाटांची मिळून काढलेली कंपनी, आणि तेव्हा आपण सगळे, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद, त्याच निजामाच्या राज्यात. दर 17 सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्रामाची पुरवणी काढता, मी जपून ठेवते, त्यात रझाकार असतात, स्वामी रामानंद तीर्थ असतात, ते असायलाच पाहिजेत, पण त्याच राज्यातल्या कंपनीत, त्याच काळात एक बाई डाकोटा विमानाच्या कॉकपिटमधे बसली यावर एक कॉलम पण मी आजवर पाहिला नाही. तिचं साल सुद्धा कुठं 1947 छापतात कुठं 1951.

आणि जिथं नाव येतं तिथं काय येतं, तर यांनी इंदिरा गांधींना नेलं, लालबहादूर शास्त्रींना नेलं, लेडी माउंटबॅटनना नेलं. मोठी माणसं मागं बसली म्हणून पुढं बसलेलीचं नाव राहिलं. 1949 ला तिनं राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली हे कुणी आधी सांगत नाही. डेक्कनमधे तिला कॅप्टन म्हणून विमान द्यायला तयार नव्हते म्हणून तिनं ती नोकरी सोडली, हे तर सांगतच नाहीत.

हे मला इतकं का लागतं ते पण सांगते. माझे वडील औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावर लोडर होते. घरी आले की सांगायचे, आज अमका मंत्री उतरला, आज वेरूळला जाणारे फॉरेनचे पाहुणे होते, एका हिरोनं पाठीवर हात ठेवला. आम्ही बहिणी जेवायचं सोडून ऐकायचो. पुढं बऱ्याच वर्षांनी मला वाचायला मिळालं की 1 जानेवारी 1990 ला निवेदिता भसीन, वय 26, इंडियन एअरलाइन्सचं जेट विमान पहिल्यांदा कॅप्टन म्हणून घेऊन निघाल्या, त्यावेळी जगातली सगळ्यात तरुण महिला जेट कमांडर म्हणून त्यांची नोंद झाली, आणि तो मार्ग होता मुंबई–औरंगाबाद–उदयपूर. औरंगाबाद! मी वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणले, "आपण सामान बघत होतो गं, कॉकपिटात कोण आहे ते कामून बघितलं नाई कधी." वडील आता नाहीत. विमानतळावर जाते तेव्हा मी अजून शोधते, कुठं भिंतीवर चार ओळी लिहिलेल्या दिसतील का. माझ्या नजरेला तरी पडल्या नाहीत.

एक अजून, राग मानू नका. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 ला चौपाटीवर विमान उडवलं असा मेसेज दर दोन महिन्यांनी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो, आपल्या पेपरनं पण तो एकदा छापला होता. मराठी माणूस राईट बंधूंच्या आठ वर्षं आधी, कुणाला आवडणार नाही, मला पण आवडलं असतं. पण राईट बंधूंच्या 17 डिसेंबर 1903 च्या उड्डाणाचा फोटो आहे, 12 सेकंद आणि 120 फूट अशी नोंद आहे, बघणारे साक्षीदार आहेत, आणि तळपद्यांच्या उड्डाणाचा त्या काळातला भरवशाचा पुरावा आजवर पुढं आलेला नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा दाखला देतात त्याची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या (आयआयएससी) लोकांनी 1974 ला तपासणी केली, ग्रंथ प्राचीन नाही आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत असंच निघालं. मराठी नावच पाहिजे तर सौदामिनी देशमुख आहेत ना! 1985 ला फोकर फ्रेंडशिप विमान, सगळा क्रू बायकांचा, कोलकाता ते सिलचर, आणि कॅप्टन सौदामिनीताई, शेजारी को-पायलट ह्याच निवेदिता भसीन. हा मेसेज मला आजपर्यंत एकदा पण आला नाही.

तर साहेब, माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. एक, येत्या 17 सप्टेंबरच्या पुरवणीत डेक्कन एअरवेज आणि प्रेम माथुर यांच्यावर पानभर लेख द्या, हैदराबादला जाऊन जुनी कागदं बघणारा माणूस आपल्याकडं असंलच. दुसरं, मुलांच्या पानावर दुरुस्तीची छोटी चौकट टाका, ऊर्मिला पारीख 1932 लायसन्स, सरला ठकराल 1936, प्रेम माथुर व्यावसायिक वैमानिक, प्रत्येकीपुढं कशात पहिली ते लिहून. पुढच्या महिन्यात त्याच स्पर्धेची दुसरी फेरी आहे, त्याच्या आधी छापून आली तर कात्रण घेऊन मी आणि भाची त्या सरांकडं परत जाणार आहोत.

आपली वाचक,
अंबड रोड, जालना