कावडीने पाणी वाहणारे जपानी जोडपे सोलापूरने पाहावे

महोदय,

जागतिक चित्रपटांचा विषय निघाला की तो पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांचा, असे समजून आपण तो सोडून देतो. दिग्दर्शक कानेतो शिंदो यांचा १९६० सालचा ‘हादाका नो शिमा’, म्हणजे उघडेबोडके बेट, हा जपानी चित्रपट मात्र सोलापूर जिल्ह्यात आवर्जून दाखवला जावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सेतोच्या समुद्रातील एका चिमुकल्या बेटावर एक जोडपे दोन मुलांसह राहते. चहूकडे समुद्र, पण गोडे पाणी नाही. पलीकडून बादल्या भरून होडीने आणायच्या, खांद्यावर कावड घेऊन चढण चढायची आणि एकेका रोपाच्या बुंध्याशी ते पाणी बेताने ओतायचे, यातच त्यांचा दिवस जातो. एकदा बायकोचा पाय घसरतो, बादली सांडते आणि नवरा तिच्या थोबाडीत मारतो. तो मार समर्थनीय नाहीच; पण १९७२ च्या दुष्काळात कोसभरावरून घागरी आणणारी आई ज्याने पाहिली आहे, त्याला सांडलेल्या पाण्याचा तो धसका सांगावा लागत नाही. पुढे थोरला मुलगा तापाने दगावतो. त्यानंतर एके दिवशी ती बाई आपल्या हाताने बादली उलथवते, रोपे उपटते, मातीत पडून आक्रोश करते. या वेळी नवरा नुसता उभा राहतो. थोड्या वेळाने ती उठते आणि पुन्हा पाणी घालू लागते. बायकोची भूमिका करणाऱ्या नोबुको ओतोवा यांचा हा प्रसंग मी विसरू शकलेलो नाही.

तुटपुंज्या पैशांत केलेल्या या चित्रपटाला १९६१ च्या मॉस्को महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला आणि डबघाईला आलेली शिंदो यांची निर्मितीसंस्था तरली.

चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीतच. वारा, पाणी, वल्ह्यांचा आवाज आणि हिकारू हायाशी यांचे संगीत एवढेच ऐकू येते. त्यामुळे ज्या शहरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते, तेथे भाषांतराच्या ओळी न वाचता सर्वांना तो एकत्र बसून पाहता येईल. एखाद्या महाविद्यालयाने किंवा चित्रपट मंडळाने रीतसर परवानगी घेऊन सोलापुरात, आणि जमल्यास सांगोला, मंगळवेढा भागातील एखाद्या शाळेच्या पटांगणावर संध्याकाळी तो दाखवावा. सुरुवातीला दहा मिनिटे मराठीतून ओळख करून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला,
एक वाचक, सोलापूर