रिचार्जच्या दुकानात पूर्ण दरपत्रक लावा

संपादक महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या दुकानांत ‘महिन्याचा रिचार्ज’ म्हणून जो मारला जातो तो बहुतेक वेळा 28 दिवसांचा असतो. असे बारा रिचार्ज मारले की 336 दिवस होतात आणि उरलेल्या 29 दिवसांसाठी तेराव्यांदा पैसे मोजावे लागतात. 84 दिवसांच्या पॅकला ‘तीन महिन्यांचा’ म्हणतात, पण चार मारूनही वर्ष भरत नाही. पॅक किती दिवसांचा हे कंपनी लपवत नाही, दुकानदाराच्या मोबाईलवर ते स्पष्ट दिसते. मात्र तो मोबाईल काउंटरच्या पलीकडे असतो. अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला फक्त रक्कम ऐकू येते.

यावर उपाय म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी 2022 मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने किमान एक पॅक पूर्ण 30 दिवसांचा आणि एक पॅक दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा करता येईल असा ठेवायचा आहे. ज्याचा पगार किंवा पेन्शन ठरलेल्या तारखेला येते त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. आमच्या उचगाव भागातल्या किती लोकांना ती ठाऊक आहे? कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगतही नाही.

मला सगळ्यात जास्त टोचते ती गोष्ट वेगळीच आहे. सीमाभागातल्या जवळपास प्रत्येक घरातले कुणी ना कुणी पुण्याला, मुंबईला, गोव्याला नोकरीला असते, नाहीतर सैन्यात. मागे राहिलेल्या आई-वडिलांकडे बटणाचा फोन असतो. त्यांना पोराचा आवाज ऐकायचा असतो, नातवंडांशी बोलायचे असते, बस्स. इंटरनेट त्या फोनवर चालत नाही किंवा त्यांना ते नकोच असते. तरीही वर्षानुवर्षे त्यांच्या फोनवर रोज दीड-दोन जीबी डेटा असलेला पॅक मारला जातो आहे. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने ग्राहक संरक्षण नियमांत दुरुस्ती करून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक देणे बंधनकारक केले. अशा पॅकची मुदत पूर्वी जास्तीत जास्त 90 दिवस असे, ती 365 दिवसांपर्यंत वाढवली. पुढच्याच महिन्यात मोठ्या खासगी कंपन्यांनी असे पॅक आणलेही. आमच्या शेजारच्या मावशींना मात्र त्यानंतरही ‘नेहमीचाच मारू काय?’ एवढेच विचारले जात होते. त्यांच्यासोबत दुकानात जाऊन फक्त कॉलचा पॅक मागितला, तेव्हा दुकानदाराने यादी खाली सरकवत सरकवत तो शोधून काढला. तो त्याच्याही पाहण्यात नव्हता. त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याला मिळणारे कमिशन तुटपुंजे, गर्दी मोठी, आणि कंपनीचा माणूस त्याला जे पॅक पुढे करायला सांगतो तेच तो पुढे करतो. दोष आहे तो हे पॅक यादीच्या तळाशी ठेवणाऱ्यांचा.

दर ग्राहकाला दिसले पाहिजेत, असा नियम आहे. ट्रायने सप्टेंबर 2020 मध्ये कंपन्यांना तसा निर्देशच दिला. सर्कलनुसार, म्हणजे मोबाईल सेवेच्या विभागानुसार, सर्व पॅकचा तपशील वेबसाइटवर, ॲपवर, ग्राहक सेवा केंद्रांत आणि विक्रीच्या दुकानांतही जाहीर करायचा आहे. त्यात कॉल, एसएमएस, डेटा किती, मुदत किती, मर्यादा संपल्यावर दर काय आणि वेग किती हे सगळे आले. बेळगावात खडेबाजारापासून शहापूरपर्यंत फिरून पाहावे. दुकानांत पोस्टर भरपूर आहेत, पण त्यांवर एक मोठा आकडा, त्याच्या डोक्यावर चांदणी आणि चांदणीचा खुलासा तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत.

सर्कलचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. आपण कर्नाटक सर्कलमध्ये, तर हद्दीपलीकडची शिनोळी आली की महाराष्ट्र-गोवा सर्कल. हद्दीवरच्या गावांत घरात बसूनही फोन पलीकडचा टॉवर पकडायचा आणि येणाऱ्या कॉललाही रोमिंगचे पैसे कटायचे, ते दिवस लोक विसरलेले नाहीत. आता देशांतर्गत रोमिंगचा तो जाच बहुतेक पॅकमध्ये राहिलेला नाही. पण सर्कलनुसार पॅक वेगळे असू शकतात. कोल्हापूरच्या भाच्याने सांगितलेला पॅक बेळगावच्या नंबरला सापडला नाही की म्हातारी माणसे गोंधळतात आणि दुकानदार देईल तो घेतात. म्हणून आपल्या सर्कलची पूर्ण यादी दुकानातच भिंतीवर हवी, आणि ती कन्नडबरोबर मराठीतही हवी. सरकारी कागदपत्रे मराठीत मिळावीत ही आपली मागणी जुनी आहे, तिच्याबद्दल इथे लिहीत नाही. कंपन्या इथे मराठी माणसाकडून पैसे घेतात, त्याला दर त्याच्या भाषेत सांगणे हा साधा व्यवहार झाला. इंग्रजीतली बारीक अक्षरे आमच्या कन्नडभाषक शेजाऱ्यांनाही तितकीच जड जातात.

घरच्या ब्रॉडबँडचेही थोडे सांगतो. जाहिरातीत 599 रुपये असतात. 18 टक्के जीएसटी धरून बिल 706 रुपये 82 पैशांचे येते. जोडणीचा खर्च, राउटरची अनामत, सहा महिन्यांचे आगाऊ भाडे हे सगळे वायर घरात आल्यावर कळते. ‘अनलिमिटेड’ म्हटलेल्या पॅकचा वेग ठरावीक डेटानंतर किती उतरतो, हे आधी सांगण्याचे बंधन ट्रायने ऑक्टोबर 2016 मध्येच घातले आहे. केबलवाला गावातलाच असतो, म्हणून लोक संकोचाने विचारत नाहीत. विचारायला हवे, आणि लेखी मागायला हवे.

न मागता कॉलर ट्यून किंवा तसली सेवा चालू होऊन पैसे कटले तर 155223 या क्रमांकावरून ती बंद करता येते. प्रीपेड ग्राहकालाही मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील मागता येतो आणि त्यासाठी कंपनी 50 रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. तक्रार केल्यावर मिळणारा डॉकेट नंबर लिहून ठेवावा. निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे माहीत नसल्यामुळे अनेकांचे अर्ज भलत्याच दारात पडून राहतात. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीतूनही बोलता येते.

माझी मागणी एवढीच आहे, की कंपन्यांनी आपल्या भागातल्या प्रत्येक रिचार्ज दुकानात एक फलक लावावा. त्यावर पॅकची रक्कम, दिवस आणि दिवसाला पडणारा खर्च असावा. फक्त कॉलचा पॅक आणि 30 दिवसांचा पॅक सगळ्यात वर असावेत. अक्षरे चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी मोठी हवीत. तोपर्यंत आपल्या दैनिकाने महिन्यातून एकदा कर्नाटक सर्कलचे हे दोन पॅक, कंपनीनिहाय रक्कम आणि दिवसांसह, छापावेत ही विनंती. कात्रण दुकानात दाखवता येईल.

आपला,
एक वाचक
उचगाव, ता. बेळगाव