युद्ध वाचायचे असेल तर आधी रसद वाचा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युद्धेतिहासावरच्या वाचनीय पुस्तकांची यादी आली. दैनिकाने असा विषय हाती घेतला याबद्दल आधी मनापासून धन्यवाद. पण यादी वाचताना एक उणीव फार खटकली. जवळजवळ सगळी पुस्तके सेनापतींची चरित्रे किंवा रणांगणावरच्या पराक्रमाच्या कथा आहेत. फौज काय खात होती, घोड्यांना दाणावैरण कुठून येत होती, पगार किती महिने थकला होता, जखमींचे काय झाले, वाटेतल्या गावांवर काय गुदरले, हे सांगणारे एकही पुस्तक तीत नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो. मुलांना युद्ध खरोखर कळू लागते ते या प्रश्नांपासून, हा माझा अनुभव आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुरुवात त्र्यंबक शंकर शेजवलकरांच्या 'पानिपत : १७६१' या ग्रंथाने करावी. लढाई १४ जानेवारी १७६१ ला एका दिवसात आटोपली, पण पराभव त्याआधी कित्येक महिने शिजत होता. मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ पटदूरहून उत्तरेकडे निघाले. बरोबर लढणारे होते, तसेच यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगेही होते, आणि या सगळ्यांची पोटे रोज भरायची होती. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतला, तिथे धान्यही मिळाले. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठी फौज आणि दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. डिसेंबरात रसद पुरवणारे मराठी सरदार गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दोआबातून रसद येण्याची आशा संपली. दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडलेली, अन्नान्न झालेली फौज अखेर बाहेर पडली. हा सगळा क्रम तारखांनिशी वाचला की 'विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाई फिरली' एवढ्या उत्तरावर विद्यार्थ्याचे समाधान होत नाही. शेजवलकर परखड लिहितात, त्यांची सगळीच मते पटणार नाहीत. न पटलेल्या जागी समासात खूण करून वाद घालत वाचावे, असाच तो ग्रंथ आहे.

त्याच्या जोडीला रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' हवे. अठराव्या शतकाच्या आरंभीचे हे छोटेसे लेखन आपण बहुधा भाषेच्या तासाला वाचतो आणि विसरतो. दुर्गांचे प्रकरण युद्धशास्त्र म्हणून वाचून पाहा. गड बांधण्याआधी तिथे पाणी आहे की नाही ते पाहावे, असे तिथे बजावले आहे. आरमारासाठी लाकूड लागले तरी रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, हेही याच पुस्तकात, आरमाराच्या प्रकरणात आहे. फौजेची गरज आणि रयतेचे नुकसान एकाच नजरेत धरणारा असा लेखक जगाच्या युद्धवाङ्मयातही सहज सापडत नाही, असे माझे मत आहे.

तिसरे पुस्तक विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. १८५८ चा झाशीचा वेढा त्याने शहराच्या आतून पाहिला. इंग्रज फौज आत शिरल्यावर झालेली कत्तल, घराघरातून चाललेली लूट, लपून बसलेल्यांची तहान हे सारे तो साधेपणाने सांगतो. त्याला कुणाची बाजू मांडायची नाही, जीव वाचवून गंगेच्या कावडीसह घरी पोचायचे आहे. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक छापले तेव्हा त्यात बदल केले होते. मूळ हस्तलिखिताला धरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी.

आपल्या सोलापूर जिल्ह्याचा संबंध तर आणखी जवळचा आहे. माचणूरला सिद्धेश्वराच्या दर्शनाला आपण सगळे जातो. तिथल्याच ब्रह्मपुरीला भीमेच्या काठी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे औरंगजेबाची छावणी होती. हिंदुस्थानचा बादशहा मंगळवेढ्याच्या मुलखात इतका काळ अडकून का पडला, हे कळायला मोगलांच्या बाजूने लिहिणारा भीमसेन सक्सेना वाचावा. त्याच्या फारसी आठवणी सेतुमाधवराव पगडींनी मराठीत आणल्या आहेत. महागाई, ओस पडलेली गावे, हलाखीत आलेले मनसबदार, जुलमाला कंटाळून मराठ्यांना मिळणारी रयत, हे त्याने जवळून पाहिले होते. औरंगजेबाने किल्ले घेतले तरी दख्खन त्याच्या हाती का लागली नाही, याचे उत्तर या तपशिलांत आहे. मोहोळ तालुक्यातले आष्टीही विसरू नये. २० फेब्रुवारी १८१८ ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले तिथे पडले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने सोलापूरचा भुईकोट घेतला. सहलीची बस या दोन्ही ठिकाणी थांबली पाहिजे.

आता अलीकडचे. १९६२ च्या युद्धावर ब्रिगेडियर जॉन दळवी यांचे 'हिमालयन ब्लंडर' (१९६९) आणि मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचे मराठीतले 'न सांगण्याजोगी गोष्ट' ही दोन पुस्तके पाठोपाठ वाचावीत. दळवी ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीवरच्या ब्रिगेडचे प्रमुख होते, २० ऑक्टोबरला हल्ला झाला आणि दोन दिवसांनी ते चिन्यांच्या हाती कैद झाले. सुती गणवेशातले जवान हिमालयाच्या थंडीत उभे, विमानातून टाकलेले सामान दऱ्याखोऱ्यांत पडून हातचे गेलेले, आणि दिल्लीहून येणारे हुकूम मात्र नकाशावर बोट ठेवून दिलेले. हे वाचताना संताप येतो, आणि यायलाच हवा.

इतके वाचून झाले की क्लाउझेविट्झकडे वळावे, त्याआधी नको. बाराव्या वर्षी प्रशियाच्या सैन्यात गेलेला हा अधिकारी १८३१ मध्ये कॉलऱ्याने वारला. त्याचे 'ऑन वॉर' या नावाने ओळखले जाणारे पुस्तक पत्नी मारी हिने पुढच्या वर्षी प्रसिद्ध केले. हस्तलिखित अपुरे राहिले होते, म्हणून ते सुभाषितांच्या वहीसारखे वाचू नये. 'युद्ध म्हणजे वेगळ्या साधनांनी चालवलेले राजकारण' हे त्याचे वाक्य भाषणांत फार फिरते. मला त्याहून मोलाचे वाटते ते 'घर्षणा'वरचे छोटे प्रकरण. पाऊस, चिखल, थकवा, चुकलेला निरोप, घाबरलेला माणूस अशा बारीकसारीक अडचणी साठत जातात आणि कागदावर सोपे वाटणारे काम रणांगणात अवघड होऊन बसते, हे त्याने सांगितले आहे. पानिपत आणि नामका चू वाचून आलेल्याला हे प्रकरण समजावून सांगावे लागत नाही. नुसत्या व्याख्येपासून सुरुवात करणारा मात्र पहिल्या पन्नास पानांत पुस्तक मिटतो.

जॉन कीगन यांच्या 'द फेस ऑफ बॅटल' (१९७६) मध्ये अझँकूर, वॉटर्लू आणि सॉम या तीन लढाया सामान्य शिपायाच्या जागी उभे राहून पाहिल्या आहेत. कीगन ब्रिटनमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत शिकवत, पण आपण स्वतः लढाई पाहिलेली नाही हे ते पहिल्यापासून सांगतात. मार्टिन व्हॅन क्रेव्हेल्ड यांचे 'सप्लाइंग वॉर' (१९७७) तर सगळे रसदेवरच आहे. स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या सोव्हिएत स्त्रियांच्या मुलाखती एकत्र केल्या. पुरुषांच्या मापाचे बूट घालून आघाडीवर गेलेल्या त्या मुलींचे बोलणे आमच्या भरतीला जाणाऱ्या मुलींनी जरूर वाचावे. प्राचीन चिनी युद्धशास्त्रकार सुन त्झू आजकाल व्यवस्थापनाच्या वर्गांतही शिकवतात, पण त्याच्या ग्रंथाचे दुसरे प्रकरण दूरवर फौज नेण्याच्या खर्चावर आहे आणि लांबलेल्या युद्धाने कोणत्याही राज्याचे भले होत नाही असे ते सांगते. तेवढे सहसा कुणी वाचून दाखवत नाही.

हे लिहिण्याचे तातडीचे कारण आपल्या गावातली मुले आहेत. पहाटे मैदानावर भरतीसाठी धावणारी पोरे रोज दिसतात. ग्राउंड आणि लेखी परीक्षा यांची तयारी ती जीव तोडून करतात, पण ज्या कामाला निघाली आहेत त्याचा इतिहास त्यांच्या हातात कुणी देत नाही. दुसरीकडे, सीमेवर तणाव वाढला की घरबसल्या मोबाइलवर युद्धाची मागणी करणारे संदेश येऊ लागतात. दोघांनाही ही पुस्तके हवीत, पहिल्यांना हक्क म्हणून आणि दुसऱ्यांना जबाबदारी म्हणून. जिल्ह्यातल्या सार्वजनिक वाचनालयांनी युद्धेतिहासाचे एक कपाट वेगळे करावे आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्या वर्गांनी आठवड्यातला एक तास वाचनाला द्यावा. प्रकाशकांनी कीगन आणि क्लाउझेविट्झ यांच्या सटीप, परवडणाऱ्या मराठी आवृत्त्या काढाव्यात.

आपल्यालाही एक विनंती आहे. पुढच्या १४ जानेवारीच्या अंकात अशी यादी पुन्हा द्यावी, आणि कोणते पुस्तक आधी व कोणते नंतर हा क्रम तीत ठेवावा. जागेअभावी हे पत्र कापावे लागले तर परदेशी पुस्तकांचा भाग खुशाल कापा. शेजवलकर, गोडसे भटजी आणि पित्रे ही तीन नावे मात्र राहू द्यावीत.

कळावे,
आपला,
एक इतिहास शिक्षक, सोलापूर