कामाचे तास आणि रुग्णांचा रक्तदाब : कामगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

भांडुपमध्ये मी गेली 22 वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. हे पत्र आरोग्यमंत्र्यांकडे जायला हवे होते, असे कोणी म्हणेल. परंतु रात्री नऊनंतर माझ्या दवाखान्यात जे रुग्ण येतात, त्यांच्या दुखण्याचे मूळ कामाच्या तासांत आहे आणि तो विषय आपल्या खात्याचा आहे.

माझी एक रुग्ण, वय 41, अंधेरीला पॅकिंगचे काम करते. पहाटे साडेचारला उठून पाणी भरणे, डबे करणे, मग घाटकोपरला गाडी सोडून मेट्रो, आणि परत येईपर्यंत रात्रीचे नऊ. कामावर लघवीला जायचे तर सुपरवायझरला विचारावे लागते, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. वर्षभरात तिला तीनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. तिचा रक्तदाब 160/100 च्या खाली येईना, म्हणून मी दोनदा औषध वाढवले. दिवाळीत ती आठ दिवस कणकवलीला माहेरी राहून आली, तेव्हा त्याच गोळ्यांवर तो 134/86 भरला. त्या दिवशी चिठ्ठीवर काय लिहावे, हे मला खरोखर सुचले नाही.

ताण रोजचाच झाला की ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके चढी राहतात, रक्तवाहिन्या आकसतात, साखर वाढते, आणि झोप पुरी न झाल्याने रात्री रक्तदाब जितका उतरायला हवा तितका उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 20 किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांत रोजची मर्यादा 9 वरून 10 तास करण्यास आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा 144 तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे 48 तास कायम आहेत आणि जादा कामाला दुप्पट मोबदला आहे, हे मी जाणते. परंतु 144 तास 13 आठवड्यांत वाटले तर आठवड्याला अकरा तास होतात, आणि 48 मध्ये ते मिळवले की 59. लोकलच्या गर्दीत उभ्याने जाणारे तास यात कुठेच धरलेले नाहीत.

म्हणून माझी विनंती अशी की, जादा काम धरूनही आठवड्याचे एकूण तास 55 च्या आत राहतील अशी मर्यादा नियमांत घालावी. स्वच्छतागृहात जाण्यासाठी कोणालाही परवानगी मागावी लागू नये. आणि रक्तदाब, मधुमेह असलेल्या कामगाराला तीन महिन्यांतून एकदा तपासणीसाठी पगार न कापता अर्धा दिवस मिळावा. आज ही माणसे खाडा पडेल या भीतीने तपासणी टाळतात आणि थेट छातीत दुखू लागल्यावरच येतात.

रुग्णांची संमती घेऊन, नावे वगळून, माझ्या दवाखान्यातील रक्तदाबाच्या नोंदी आपल्या खात्यापुढे ठेवण्याची माझी तयारी आहे. आपण बोलवाल तेव्हा मी येईन.

आपली विश्वासू,
भांडुपमधील एक डॉक्टर