वाळूत द्राक्षं लावणाऱ्या माणसांबद्दल

पंचवटी, नाशिक

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचं बाड पोचलं आणि वाचूनही झालं. आईने फोनवर "वाचतेय अजून" म्हणून विषय बदलला, त्यावर जाऊ नकोस. तिचं माझ्या आधीच झालं होतं. सापुताऱ्याच्या घाटात बस मागे सरकायला लागते आणि येवल्याचा विणकर रडत रडत आपल्या मागाचं एकेक लाकूड चाकाखाली सारतो, तिथे ती इतकी हसली की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. मला मात्र त्याच्या पुढचं अर्धं पान जास्त आवडलं. बस सुरू होते, सगळे घाईघाईने चढतात, आणि विणकर एकटाच खाली वाकून ती लाकडं गोळा करतो, प्रत्येकावर खडूने नंबर घालतो. तिथे तुला माणूस सापडलाय.

नोकरी सोडल्याबद्दल या पत्रात काही नाही. तुझ्या आत्याला मी "ती एका प्रकल्पावर आहे" असं सांगितलंय. तू वेगळं काही सांगू नकोस, एवढंच.

आता कादंबरी. भंगारात निघालेली एसटी लिलावात घ्यायची, तिच्यात डेपोतला एक मेकॅनिक, पैठणी विणणारा एक, स्पर्धा परीक्षा देता देता वय उलटलेला एक मुलगा आणि लग्नाच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला भरायचा, आणि ती जैसलमेरच्या पुढे समच्या वाळूत नेऊन रुतवायची, ही कल्पना फक्कड आहे. (भंगारातली गाडी आरटीओवाले राज्याबाहेर कशी जाऊ देतील हा प्रश्न मी गिळला. विनोदी कादंबरीला एवढी सूट असते.) चौघांनाही इथे कुणी विचारत नव्हतं. चौघांनाही वाटतं, वाळवंटात काहीच नाही, म्हणजे तिथे आपलं नक्की चालेल. इथपर्यंत मी तुझ्याबरोबर आहे.

भांडण पुढे आहे. समला पोचल्याबरोबर तू त्यांना बावळट करून टाकलंस. मेकॅनिक वेलांच्या काड्या उलट्या लावतो, विणकराची जरीची तार उंट खातो, क्लॅरिनेटवाला टाकीत पडतो. अगं, पडणाऱ्याला लोक एकदा हसतात. ज्याला आपलं काम येतं, उत्तम येतं, पण ज्याची जागा चुकली आहे, त्याला दोनशे पानं हसता येतं. शिवाय हसता हसता त्याचं काही बरं व्हावं असंही वाटतं. मला एवढंच म्हणायचंय, बाकी सगळं त्याचाच विस्तार समज.

मेकॅनिकचंच घे, कारण तिथे मला बोलायचा हक्क आहे. ठिबकच्या दुकानात आयुष्य गेलं माझं. त्याला टेकाडावर द्राक्षबाग करायचीय ना? मग त्याला खऱ्या अडचणी दे. आपल्या काळ्या जमिनीत ड्रीपरखालची ओल बाजूला पसरते. वाळूत ती सरळ खाली उतरते, म्हणजे पाणी थोडं थोडं, दिवसातून अनेकदा सोडावं लागणार. तिकडचं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर जमणार, मग लाइनीत ॲसिड सोडून ती धुवावी लागणार. आंधी आली की लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, वाळूखाली गाडल्या जाणार, म्हणून आधी वाऱ्याच्या बाजूला झाडांची ओळ हवी. ही ओळ वाढेपर्यंत तिलाही पाणी पाहिजे. यातली एकेक अडचण त्याला हुशारीने सोडवू दे. प्रत्येक उपायाबरोबर नवा खर्च उभा राहू दे, बसचा एकेक भाग विकला जाऊ दे, आधी सीटा, मग टायर, शेवटी इंजिन. आणि वेल फुटू देत. वाचकाला वाटलं पाहिजे की हा बाबा करून दाखवणार.

मग जानेवारी येऊ दे.

तुझ्या बाडात सगळीकडे ऊन आहे. वाळवंट म्हटलं की ऊनच डोळ्यांपुढे येतं, पण वाळू जशी लवकर तापते तशी लवकर निवते आणि थारमधल्या थंडीत रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. मेकॅनिक तू नाशिक रोडचा केलायस, त्याला निफाडचा कर. निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो, हे वेगळं सांगायला नको. थंडीने मण्यांना तडे जातात म्हणून तिथले बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबक सुरू करतात. या माणसाने त्या थंडीला कंटाळूनच निफाड सोडलेलं असू दे. आता तो थारच्या मध्यावर, घोंगडी पांघरून, बसच्या विकायच्या राहिलेल्या सीटांमधला स्पंज जाळून वेली शेकतोय. मी हे लिहितानाच हसतोय. पण तो जे करतोय ते अगदी बरोबर करतोय, हे विसरू नकोस.

आणि वाळवंटात बाग होतच नाही असं कृपा करून म्हणू नकोस, तुझ्या सातव्या प्रकरणात तसा सूर आहे. बाडमेर-जालोरकडे डाळिंबाच्या मोठ्या बागा उभ्या आहेत, आणि वाण आपल्याकडचाच, भगवा. सटाणा-देवळ्याच्या माणसाला ते शेत ओळखीचं वाटेल. तुझी बस गुजरातमधून सांचोर-बाडमेर करत जैसलमेरला जाते, म्हणजे त्या बागांमधूनच गेली. फक्त रात्र होती आणि मेकॅनिक झोपला होता. हे वाचकाला तिथेच सांगू नकोस. शेवटी शेवटी कुणीतरी सहज बोलून जाऊ दे.

आता त्या उंटवाल्या म्हाताऱ्याबद्दल. मोडकंतोडकं हिंदी बोलायला लावून तू त्याच्यावर जे हसू काढलंयस ते मला अजिबात आवडलं नाही. आईलाही नाही. चौघे परके आहेत, तो घरचा आहे. हसू परक्यांवर यायला हवं. त्याला खादीन दे. जैसलमेरकडे पालीवाल ब्राह्मणांनी ही रीत फार जुन्या काळी बसवली: उतारावरच्या खडकाळ रानातलं पावसाचं पाणी वाहत येतं, खालच्या बाजूला लांबच लांब मातीचा बांध त्याला अडवतो, पाणी जमिनीत मुरतं, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा निघतो. पाइप नाही, पंप नाही, ड्रीपर नाही. वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस पडत नाही अशा गावात गहू! आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला 3000 मिलिमीटरच्या वर पडतो आणि तरी उन्हाळ्यात तिकडच्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन चालतात.

मेकॅनिक पहिल्या दिवशी त्या म्हाताऱ्याला ठिबकचे फायदे समजावून सांगतो, म्हातारा "हां सा" म्हणत ऐकून घेतो, असा प्रसंग लिही. ठिबकवाल्याचं बोलणं कसं असतं ते तुला मी सांगायला हवं का? लहानपणापासून ऐकलंयस. मग त्याचं आजोळ मोसम खोऱ्यातलं दाखव. बागलाणात आणि पलीकडे धुळ्यात फडाची पद्धत शेकडो वर्षं चालली: नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाटकऱ्याने वाटून द्यायचं. म्हाताऱ्याचा बांध बघता बघता याला आपल्या आजोबांचा पाट आठवतो. तिथे विनोद करू नकोस. दोन ओळीत उरक आणि पुढे जा.

स्पर्धा परीक्षेचा मुलगा माझा लाडका आहे. त्याला तू उन्हाचा व्यापारी केलंयस, सोलरची एजन्सी घ्यायची म्हणून तो फाइल घेऊन हिंडतो. पण त्याच्या तोंडी आकडे कुठेयत? या पोरांना सगळं पाठ असतं. फलोदीला 51 अंश, मे 2016, देशातला उच्चांक. इंदिरा गांधी कालवा, काम सुरू 1958, पाणी हरिकेहून. भडला सौर प्रकल्प, 2245 मेगावॉट. समोर उन्हाने चक्कर येऊन माणूस पडलाय आणि हा तापमानाचा उच्चांक सांगतोय, असं कर. त्याला हेही पाठ असणार की कालव्याचं पाणी आल्यावर गंगानगर-हनुमानगडकडे काही शेतं पाणी साचून निकामी झाली. वाळवंटात जमीन दलदल होऊन वाया जाते, ही गोष्ट तुला रचता आली नसती. आयती मिळतेय ती घे. आणि त्याला नोकरी लागू दे. कुठली? पॅनलवरची धूळ पुसायची. पहिल्या पगाराच्या दिवशी पुसायचं यंत्र येतं.

क्लॅरिनेटवाल्याचं प्रकरण सोन्यासारखं आहे, त्याला हात लावू नकोस. फक्त एक भर घाल. तू लिहिलंयस की तो मांगणियारांना "संगीत शिकवायला" जातो आणि ते कमायचा, म्हणजे त्यांचं गजाने वाजवायचं तंतुवाद्य, काढून वाजवायला लागतात तेव्हा याचं तोंड उघडंच राहतं. ठीक. पण मांगणियार काय करतात? पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जजमानांच्या घरी, बारसं असो की लग्न, गायला जातात. स्वतः मुसलमान, जजमान बहुतेक हिंदू, आणि गाणी जजमानाच्या घराण्याची. आपला हा माणूस तरी वेगळं काय करत होता? दुसऱ्याच्या वरातीत आयुष्यभर पुढे चालला. दोघांनी रात्रभर एकमेकांशी फक्त बिदागीबद्दल बोलावं: कोण देतं, कोण बुडवतं, नवरदेवाचा मामा कसा असतो. चौघांमधला हाच एक तिथे परका ठरत नाही.

विणकर जसा आहे तसा राहू दे.

कुलधऱ्याचं भुताचं प्रकरण काढून टाक. ओसाड गाव, पालीवालांचा शाप, मध्यरात्रीचे आवाज, हे प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो. शिवाय ज्या पालीवालांनी खादीन बांधले त्यांना तू फक्त शापापुरतं आणलंस हे बरं दिसत नाही.

तू विचारलंयस, असली माणसं खरी वाटतील का. नाशिकमध्ये बसून हा प्रश्न? फाळक्यांचं स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे, तिथे तू शाळेच्या सहलीला गेली होतीस. त्र्यंबकला 1870 मध्ये जन्मलेला हा माणूस फोटो काढायचा, छपाईचे ब्लॉक करायचा, आणि आडनाव उलटं फिरवून "प्रोफेसर केळफा" नावाने जादूचे प्रयोगही करायचा. मग चित्रपटाचं वेड लागलं. विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला. पैसेवाल्यांना पटेना, तर कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून तो पडद्यावर भराभर उगवून दाखवला. बाईचं काम करायला बाई मिळेना, तर हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना तारामती केलं. 1913 मध्ये चित्रपट लागला. यातली एकही गोष्ट तुझ्या बसमधल्या लोकांनी केली असती तर तू म्हणाली असतीस, बाबा, हे जरा अतीच होतंय. पण बघ, त्या माणसाला हातातली कामं येत होती, एकूणएक.

आणि इथेच आईची तक्रार येते. सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडायच्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या. आई विचारते, तुझ्या बसमध्ये स्वयंपाक कोण करतं? पूर्ण हिवाळा जातो आणि कुणी जेवत नाही. मला हे सुचलं नव्हतं, पण तिचं खरं आहे. बाजरी आपल्या येवला-नांदगावची तशीच तिकडचीही, भाकरीवरून भांडण लावता येईल: जाडी किती, वर तूप की लसणाची चटणी. केर-सांगरीची भाजी म्हाताऱ्याच्या घरून येऊ दे. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो तिची भाजी खायची म्हटल्यावर आपला विणकर काय म्हणेल, ते तूच ठरव.

प्रकाशकाकडे एवढ्यात पाठवू नकोस. क्लॅरिनेटवाल्याचं प्रकरण सुटं करून एखाद्या दिवाळी अंकाला दे. त्यांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा आळस नको. सावानात (सार्वजनिक वाचनालयात) वाचणारी आमची चार म्हातारी डोकी आहेत, त्यांनाही एक प्रत वाचायला देईन. त्यातले दोघे कशालाच हसत नाहीत, म्हणून मुद्दाम.

राहिला शेवट. चौघांना तू परत आणून रामकुंडावर बसवलंयस आणि आपलं गावच बरं असं त्यांच्या तोंडून वदवलंयस. हे तू आमच्यासाठी लिहिलंयस का? तसं असेल तर खोड. विणकर परत आला तर चालेल, त्याचा माग येवल्यात आहे आणि गिऱ्हाईकही. मुलाचं वय गेलं तरी आकडे गेलेले नाहीत, तो कुठेही क्लास काढेल. क्लॅरिनेटवाल्याला मात्र आणू नकोस. मेकॅनिकचं तू बघ, म्हाताऱ्याच्या बांधावर त्याला काम मिळेल असं मला वाटतं. बस काही झालं तरी तिथेच राहिली पाहिजे. इंजिन त्याने डिसेंबरातच विकलंय.

तुझे
बाबा